दुशान आणखी दहा वर्षं जगला असता तर?

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं ऐकवून आपल्याकडे जर-तरच्या गप्पा बंद पाडतात. तरी गप्पा काही थांबत नाहीत. पानिपत आहे, थोरले माधवराव आहेत, चहा निवेपर्यंत विषय पुरतो. सर्बियातल्या लोकांचाही असा एक लाडका 'तर' आहे आणि तो २० डिसेंबर १३५५ या तारखेला अडकून पडलाय. त्या दिवशी सम्राट स्टेफान दुशान वारला. वय अवघं ४७ च्या आसपास. गादीवर बसून २४ वर्षं झाली होती आणि तेवढ्यात त्याने राज्य जवळपास दुप्पट केलं होतं. पुढे १६ वर्षांत सगळं विस्कटलं आणि शंभरेक वर्षांत तो सारा मुलूख तुर्कांकडे गेला. मग हळहळ ठरलेलीच: दुशान आणखी दहा वर्षं जगता तर कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, घेता, उस्मानी तुर्कांना समुद्रापलीकडे हाकलता, १४५३ मध्ये ते शहर तुर्कांच्या हाती पडलंच नसतं.

हा खेळ मलाही आवडतो, पण त्याचा एक नियम पाळावा लागतो. बदलायची ती एकच गोष्ट. बाकीच्यांची हाव, तिजोऱ्या, भाऊबंदकी, भूगोल, सगळं होतं तसंच ठेवायचं. दुशानचे चाहते इथेच घोळ करतात. त्याला आयुष्य देतात, आणि देता देता त्याच्या हातात गुपचूप एक आरमारही ठेवतात.

आधी माणूस कोण ते पाहू.

दुशानचा आजोबा राजा मिलुतिन. मुलाने, म्हणजे दुशानच्या बापाने, बंड केलं म्हणून मिलुतिनने त्याचे डोळे काढायची शिक्षा दिली आणि त्याला बायकोमुलांसकट कॉन्स्टँटिनोपलला धाडून दिलं. शिक्षा देणाऱ्यांनी हात राखला असावा, कारण १३२१ मध्ये म्हातारा गेल्यावर मुलाने डोळ्यांवरची पट्टी काढली आणि चमत्कार झाला, मला दिसतंय, असं जाहीर करून मुकुट घेतला. या सगळ्यात दुशानच्या बालपणाची काही वर्षं कॉन्स्टँटिनोपलमध्ये गेली. ग्रीक भाषा, दरबारी रीतिरिवाज, त्या शहराचा थाट, सगळं त्याने ज्या वयात पाहिलं त्या वयात पाहिलेलं विसरत नाही. पुढे आयुष्यभर त्याची नजर त्या शहरावर होती, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

१३३० मध्ये वेल्बुझ्दच्या लढाईत बल्गेरियाचा पराभव झाला, त्यात तरुण दुशानने नाव कमावलं. पुढच्याच वर्षी त्याने बापाला गादीवरून खाली ओढलं. बाप झ्वेचानच्या किल्ल्यात कैदेत मेला, बहुधा गळा आवळून. सर्बियाच्या राजघराण्यात हे फार वेगळं नव्हतं.

आता साम्राज्य कसं उभं राहिलं ते पाहू. दुशानची चित्रं पाहिली तर वाटतं, माणूस लढाईमागून लढाई मारत गेला असेल. तसं झालं नाही. मोकळ्या मैदानातली मोठी लढाई त्याने सम्राट होण्यासाठी जवळजवळ लढलीच नाही. शेजारच्या घरात भाऊबंदकी पेटली होती आणि तो दाराशी उभा होता, एवढंच.

शेजारचं घर म्हणजे बायझंटाईन साम्राज्य, जुन्या रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा उरलेला भाग. १३४१ मध्ये तिथला सम्राट तिसरा आंद्रोनिकोस वारला. वारस योहान नऊ वर्षांचा. एका बाजूला राजमाता आणि कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला मृत राजाचा मित्र आणि मातब्बर सरदार योहान कांताकुझिनोस. सहा वर्षं यादवी चालली. १३४२ मध्ये कांताकुझिनोस पळून दुशानच्या आश्रयाला आला. दुशानने त्याला मान दिला, सैन्य दिलं आणि वर्षभरात बाजू बदलून राजमातेशी हातमिळवणी केली. दोघांनाही मदत करायची आणि मदतीचा मोबदला म्हणून दोघांचेही किल्ले घ्यायचे, असा हिशेब. किल्ल्यांना वेढा घालायचा, रसद तोडायची आणि वाट पाहायची. आतल्या लोकांना वाचवायला कोण येणार? त्यांचे राजे एकमेकांच्या उरावर बसलेले. (यातलं बरंचसं आपल्याला कळतं ते खुद्द कांताकुझिनोसकडून. पुढे सत्ता गेल्यावर तो संन्यासी झाला आणि त्याने इतिहास लिहिला. स्वतःची बाजू त्यात किती मांडली असेल ते लक्षात ठेवूनच वाचावं लागतं.)

पैसा आला चांदीतून. नोव्हो ब्रदोसारख्या खाणींत जर्मन भाषा बोलणारे साक्सन खाणकामगार होते, चांदी बाहेर नेणारे दुब्रोव्हनिकचे व्यापारी होते. त्या पैशावर दुशानने पालमान नावाच्या जर्मन सरदाराच्या हाताखाली भाडोत्री घोडदळ ठेवलं. स्थानिक सरदार रुसले तरी हे रुसत नाहीत, पगार मिळाला की झालं.

मैदानात मात्र गाडी अडायची. १३४४ मधला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. ग्रीसच्या किनाऱ्यावर काही तुर्क अडकले होते. युरोपीय आरमाराने त्यांची जहाजं जाळली होती, म्हणून ते जमिनीवरून परत निघाले. दुशानचा सेनापती प्रेल्युब चिलखती घोडेस्वार घेऊन त्यांच्या मागे लागला. तुर्क स्टेफानियानाजवळ उंचवट्यावर चढले. चिलखती घोडे चढावर चालेनात, म्हणून सर्बियन स्वार खाली उतरले आणि पायी वर निघाले. तुर्कांनी वळसा घालून खाली सोडलेले घोडे गाठले. त्या पोलादी कपड्यांत पायी उरलेल्या स्वारांचं पुढे काय झालं ते सांगायला नको. अशीच गत १३५२ मध्ये डिमोटिकापाशी झाली. तिथे दुशानने पाठवलेली तुकडी उस्मानी घोडदळासमोर टिकली नाही. तुर्कांना मैदानात कसं हरवायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. हे पुढे लागणार आहे.

१३४५ च्या सप्टेंबरात सेरेस हे मोठं शहर पडलं आणि दुशानने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. १६ एप्रिल १३४६, ईस्टरच्या दिवशी, स्कोप्येमध्ये राज्याभिषेक झाला. (इकडे दख्खनेत बहमनी गादी स्थापन झाली ती पुढच्याच वर्षी.) इथे एक पेच समजून घ्यायला हवा. त्या जगात राजे कितीही असू शकत, सम्राट मात्र एकच, आणि तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये. सम्राटाला मुकुट घालायचा तो सर्वोच्च धर्मगुरूने, म्हणजे पॅट्रिआर्कने. सर्बियात होता साधा आर्चबिशप. मग दुशानने आधी आर्चबिशपला बढती देऊन पॅट्रिआर्क केलं आणि मग त्या पॅट्रिआर्कने दुशानला सम्राट केलं. बल्गेरियाचा पॅट्रिआर्क, ओह्रिदचा आर्चबिशप आणि एथॉस पर्वतावरच्या मठांचे प्रतिनिधी हजर होते, म्हणजे साक्षीदार भक्कम. उपाधी घेतली 'सर्बांचा आणि ग्रीकांचा सम्राट'. ग्रीक सनदांवर तो बायझंटाईन सम्राटांसारखी लाल शाईने सही करू लागला. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मगुरूने काही वर्षांनी त्याच्या चर्चला बहिष्कृत केलं, ते अपेक्षितच होतं.

१३४७-४८ मध्ये प्लेगची साथ आली. दुशान आणि सम्राज्ञी येलेना एथॉसवर जाऊन राहिले. तिथे बायकांना बंदी आहे, आजही आहे, पण सम्राटाची बायको म्हटल्यावर मठवाले काय बोलणार! साथ ओसरेपर्यंत एपिरस आणि थेसली हे ग्रीक प्रांत ओस पडले होते, दुशानने ते फारशी तोशीस न पडता घेतले. आता राज्य डॅन्यूबपासून कोरिंथच्या आखातापर्यंत पोचलं.

नुसता लुटारू म्हणून त्याला निकालात काढता येत नाही, ते त्याच्या कायद्यामुळे. २१ मे १३४९ रोजी स्कोप्येत त्याने संहिता जाहीर केली, पाच वर्षांनी तिला पुरवणी जोडली, दोन्ही मिळून २०० च्या आसपास कलमं. त्यातलं १७१ वं कलम वाचून मी थबकलो होतो. सम्राटाने रागाच्या भरात, मायेपोटी किंवा दया येऊन कोणाला पत्र लिहून दिलं आणि ते कायद्याला धरून नसेल, तर न्यायाधीशांनी ते मानू नये. चौदाव्या शतकातला एक राजा आपल्याच लहरीवर दोर बांधतोय. याच संहितेत असंही आहे, की मोठ्या सरदाराने लहान सरदाराचा अपमान केला तर १०० पेर्पेर (तेव्हाचं चलन) दंड, आणि लहानाने मोठ्याचा केला तर १०० पेर्पेर दंड आणि वर काठीचे फटके. तेव्हा फार हुरळून जायलाही नको.

संहितेतच साम्राज्याचा कच्चा दुवा दिसतो. जमिनीचे दोन मुख्य प्रकार होते. बाश्तिना म्हणजे पिढीजात हक्काची जमीन, आपल्याकडच्या वतनासारखी. प्रोनिया म्हणजे चाकरीच्या बदल्यात दिलेली, विकता न येणारी, सरंजामासारखी. वतन आणि सरंजाम यांतला फरक कागदावर स्पष्ट असतो आणि धनी खमका असेपर्यंतच टिकतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. नवे प्रांत दुशानने प्रेल्युबसारख्या सेनापतींना, सावत्र भाऊ सिमेओनला, बायकोच्या भावाला वाटून दिले. त्यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे स्वतः दुशान.

आता मुख्य गाठ, कॉन्स्टँटिनोपल. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला हजार वर्षं जुनी तिहेरी तटबंदी. जमिनीवरून वेढा घाला, शहर समुद्रातून धान्य आणत राहील. १२०४ मध्ये ते पडलं होतं, पण तेव्हा इटलीतल्या व्हेनिस या व्यापारी शहराचं आरमार बंदरात शिरलं होतं. बल्गेरियाच्या राजा सिमेओनला (दुशानचा भाऊ तो वेगळा) दहाव्या शतकात हेच कळून चुकलं होतं. त्याने उत्तर आफ्रिकेच्या फातिमी खलिफाकडे जहाजं मागितली, बायझंटाईनांनी त्याचे दूत वाटेतच पकडले आणि खलिफाला नजराणे देऊन सौदा फिरवला. दुशानकडे कोटोरसारखी बंदरं होती, व्यापारी गलबतं होती, पण नाव घ्यावं असं लढाऊ आरमार नव्हतं. सगळ्यांत कामाचं बंदर थेस्सालोनिकी, ते तर त्याच्या हाती कधीच लागलं नाही.

त्याने व्हेनिसला विचारलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. १३५० मध्ये व्हेनिसने त्याला सन्मानाने आपलं नागरिकत्व दिलं. जहाजं दिली नाहीत. व्यापाऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर यात नवल नाही. कॉन्स्टँटिनोपलसमोर गालाटाला जेनोआ या दुसऱ्या इटालियन व्यापारी शहराचं ठाणं होतं. तिथे वर्षाला दोन लाख सोन्याची नाणी जकात जमायची आणि खुद्द सम्राटाच्या वाट्याला जेमतेम तीस हजार यायची, असं तेव्हाच्या एका ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. व्हेनिसलाही जकातीत सवलती होत्याच. दुबळा सम्राट म्हणजे इटालियनांसाठी दुभती गाय. तिथे खमका दुशान आणून बसवण्यात त्यांचा काय फायदा?

दरम्यान खरं संकट भलतीकडून आलं. कांताकुझिनोसने आपली मुलगी उस्मानी अमीर ओर्हानला देऊन तुर्क घोडदळ मदतीला आणलं होतं. मदतीला आलेले परत गेले नाहीत. २ मार्च १३५४ रोजी भूकंपाने सामुद्रधुनीच्या युरोपीय काठावरच्या गॅलिपोलीचे तट कोसळले, लोक पळाले आणि तुर्क बायकामुलांसह आत येऊन राहिले. युरोपात त्यांना पक्कं घर मिळालं. दुशानने पोपकडे प्रस्ताव धाडला, की मला तुर्कांविरुद्धच्या मोहिमेचा सेनापती नेमा. हाच दुशान तीन वर्षांपूर्वी ओर्हानशी सोयरीक जुळवू पाहत होता. त्याला धर्मयोद्धा म्हणणारे हा तपशील सहसा गाळतात.

आणि मग तो वारला. पुढे दंतकथा तयार झाली, की ८० हजारांची फौज घेऊन कॉन्स्टँटिनोपलवर निघाला असताना वाटेत गेला. त्या मोहिमेला समकालीन पुरावा नाही.

चला, आता त्याला जगवू. १३६५ पर्यंत. आरमार द्यायचं नाही, बाकी पट तसाच.

कॉन्स्टँटिनोपल तरी मिळालं नसतं, असं मला वाटतं. पण त्या डिसेंबरात पटावरच्या सोंगट्या मोठ्या मजेशीर लागल्या होत्या. व्हेनिस आणि जेनोआ यांचं युद्ध सहा महिन्यांपूर्वी, १३५५ च्या उन्हाळ्यात संपलं होतं, म्हणजे व्हेनिसचे हात मोकळे झाले होते. तिकडे हंगेरीचा राजा लुई डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर डोळा ठेवून होता आणि १३५६ मध्ये तो व्हेनिसवर तुटून पडलाच. दोन वर्षांत व्हेनिसने तो सगळा किनारा गमावला. लुई दुशानचाही वैरी. डाल्मेशियातले क्लिस आणि स्क्रादिन हे किल्ले दुशानच्या बहिणीचे होते. लुईपासून ते वाचवायला त्याने मरणाच्या वर्षी तिथे फौज पाठवली होती, क्लिसला खुद्द पालमानला. तो मरताच स्क्रादिन व्हेनिसच्या ताब्यात दिला गेला आणि क्लिस हंगेरीकडे गेला. म्हणजे आजवर दुशानला व्हेनिसची गरज होती, १३५६ मध्ये पहिल्यांदाच व्हेनिसला दुशानची गरज पडली असती. लुईच्या पाठीवर सर्बियन घोडदळ हवं असेल तर काही गॅली, म्हणजे वल्ह्यांची लढाऊ जहाजं, द्या, असा सौदा तेव्हा बोलता आला असता.

त्या गॅली कुठे गेल्या असत्या? कॉन्स्टँटिनोपलला व्हेनिसने लावू दिल्या नसत्या. गॅलिपोलीला चालल्या असत्या, कारण सामुद्रधुनी तुर्कांच्या हाती गेली तर व्हेनिसचाच काळ्या समुद्रातला व्यापार अडणार. आणि कॉन्स्टँटिनोपलमधला सम्राट, तो १३४१ चा नऊ वर्षांचा पोरगा योहान, आता तेवीस वर्षांचा, त्याला कोणाचीही मदत चालली असती. दुशान जायच्या पाचच दिवस आधी, १५ डिसेंबर १३५५ ला, त्याने पोपला सनद लिहून दिली: पाच गॅली, पंधरा मालवाहू जहाजं, ५०० स्वार आणि १००० पायदळ द्या, मी तुमचा पंथ मानतो, मुलगा ओलीस ठेवतो. ५०० स्वारांसाठी सम्राट धर्म गहाण टाकायला तयार होता. दुशानकडे स्वारांची काय कमी!

हे सगळं हवेतलं नाही. १३६६ च्या ऑगस्टमध्ये सवॉयचा सरदार आमेदेओ बेताचं आरमार घेऊन आला आणि त्याने गॅलिपोली घेऊन दाखवली. मैदानातली लढाई लागलीच नाही. जहाजांनी वाट अडवली की पलीकडून कुमक येत नाही, मग चिलखत, घोडे, डोंगर हे प्रश्न निम्मे होतात. दुशानला हे १३५७ मध्ये जमलं असतं तर थ्रेसमध्ये, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पश्चिमेच्या मुलखात, शिरलेल्या तुर्कांची मुळं तेव्हा फार खोल नव्हती. तिथलं मोठं शहर एड्रियानोपल अजून ग्रीकांकडे होतं. बाल्कनमधला उस्मानी विस्तार दहा, कदाचित वीस वर्षं लांबला असता. एवढ्यावर मी पैज लावीन.

त्यापुढे लावणार नाही, कारण घरात उरोश होता. दुशान गेला तेव्हा मुलगा एकोणिसेक वर्षांचा, इतिहासात त्याचं नाव 'दुबळा' म्हणूनच राहिलं. काका सिमेओनने १३५६ मध्येच स्वतःला सम्राट जाहीर केलं. सरदारांनी प्रांत वतनासारखे धरले. त्यातला व्हुकाशिन १३६५ मध्ये राजा होऊन बसला. तो आणि त्याचा भाऊ उग्लेशा २६ सप्टेंबर १३७१ ला मारित्सा नदीकाठी तुर्कांशी लढताना मारले गेले आणि त्याच वर्षी उरोशही निपुत्रिक गेला. दहा वर्षं वाढवून दिली तर उरोश तिशीचा झाला असता, हाताशी थोडी माणसं आली असती. पण नव्या प्रांतांत ग्रीक रयतेवर सर्ब सरदार, आणि सरदारांवर एकट्या दुशानचा वचक, ही मांडणी दहा वर्षांत बदलेल असं काही त्याने केलेलं दिसत नाही.

आणि गॅलिपोलीचं तरी काय झालं असतं? आमेदेओने ती घेऊन बायझंटाईनांच्या स्वाधीन केली होती. दहा वर्षांनी योहानच्या मुलाने, चौथ्या आंद्रोनिकोसने, बापाविरुद्ध बंड केलं, त्यासाठी तुर्कांची मदत घेतली आणि मदतीची किंमत म्हणून गॅलिपोली त्यांना परत देऊन टाकली.